टेकडीवरचे घर

[थोर माणसांची घरे अनेक देशांत जपून ठेवलेली असतात. ती पाहताना त्या माणसांची राहणी, त्यांच्या आवडीनिवडी आणि त्यांचा काळ यांची ओळख होते. प्रस्तुत पाठात अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या 'मॉन्टिसेलो' या घराची माहिती दिली आहे. हे घर एका बुद्धिमान पुरुषाची ओळख करून देते आणि त्याबरोबरच आपल्याला एक अवघड प्रश्नही विचारते.]

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. तेथील शार्लट्सव्हिल या गावाजवळ एक टेकडी आहे. टेकडीच्या माथ्यावर लाल विटांचे, पांढऱ्या खांबांचे आणि पांढऱ्या घुमटाचे एक सुंदर घर उभे आहे. त्याचे नाव मॉन्टिसेलो. इटालियन भाषेतील या शब्दाचा अर्थ 'छोटा डोंगर' असा आहे. अमेरिकेत पाच सेंटचे एक नाणे चालते. १९३८ सालापासून निघालेल्या बहुतेक नाण्यांच्या एका बाजूवर थॉमस जेफरसन यांचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूवर हे घर कोरलेले असते. १९८७ साली युनेस्कोने या घराचा समावेश जागतिक वारशात केला.

मुलांनो, चला, आज आपण या घराला भेट देऊ. पण आत पाऊल टाकण्यापूर्वी घराच्या मालकाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

थॉमस जेफरसन यांचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियात झाला. त्या काळी अमेरिकेत इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. इंग्लंडचे राज्य झुगारून द्यायचे असे या वसाहतींनी ठरवले, तेव्हा तसा जाहीरनामा लिहिण्याचे काम जेफरसन यांच्याकडे आले. त्या वेळी ते अवघे तेहेतीस वर्षांचे होते. ४ जुलै १७७६ रोजी तो जाहीरनामा मंजूर झाला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत आणि स्वातंत्र्य हा त्यांचा हक्क आहे, हा त्या जाहीरनाम्याचा गाभा होता. पुढे जेफरसन फ्रान्समध्ये अमेरिकेचे वकील झाले. नंतर परराष्ट्रमंत्री, उपाध्यक्ष आणि १८०१ ते १८०९ या काळात ते देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. व्हर्जिनिया विद्यापीठही त्यांनीच स्थापन केले.

एवढी मोठी पदे भूषवूनही त्यांचे मन या टेकडीवरच रमत असे. १७६८ साली त्यांनी टेकडीचा माथा सपाट करून घेतला आणि पुढच्या वर्षी बांधकाम सुरू केले. त्यांनी वास्तुशिल्पाचे शिक्षण कोणत्याही शाळेत घेतले नव्हते. पुस्तके वाचून ते ही विद्या शिकले. फ्रान्समधील इमारती पाहून आल्यावर त्यांना आपले घर जुनाट वाटू लागले. १७९६ साली त्यांनी त्याचा बराचसा भाग पाडून नव्याने बांधायला घेतला. ते काम १८०९ पर्यंत चालू होते. म्हणजे हे घर पुरे व्हायला चाळीस वर्षे लागली!

आता आपण वर जाऊ. टेकडीच्या उतारावर पाहुण्यांसाठी माहिती केंद्र आहे. तेथून छोटी बस आपल्याला माथ्यावर घेऊन जाते. घराच्या ओसरीत शिरताच सहज मान वर जाते. ओसरीच्या छताला घड्याळाच्या तबकडीसारखी एक तबकडी आहे. छपरावरच्या वातकुक्कुटाला ती जोडलेली आहे. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे पाहण्यासाठी जेफरसन यांना पावसात बाहेर जावे लागत नसे. ओसरीत उभे राहून वर पाहिले की काम झाले.

दारावरच एक मोठे घड्याळ आहे. त्याला दोन तोंडे आहेत. बाहेरच्या तोंडावर फक्त तासकाटा आहे. आतल्या तोंडावर तास, मिनिटे आणि सेकंद असे तिन्ही काटे आहेत. हे घड्याळ वजनांवर चालते आणि वजने म्हणून तोफेचे गोळे दोरीला लावलेले आहेत. आठवडाभर हे गोळे भिंतीजवळून हळूहळू खाली उतरतात. भिंतीवर वारांची नावे लिहिलेली आहेत. गोळा ज्या नावासमोर असेल तो त्या दिवसाचा वार. पण घड्याळ बसवल्यावर एक अडचण आली. आठवड्याच्या सात दिवसांना खोलीची उंची पुरेना! तेव्हा जेफरसन यांनी जमिनीला भोके पाडली आणि दोऱ्या तळघरात सोडल्या. त्यामुळे शनिवार पाहायचा असेल तर आजही तळघरात जावे लागते.

या दिवाणखान्याच्या भिंतींवर हरणांच्या जातीच्या प्राण्यांची प्रचंड शिंगे आणि जुने नकाशे लावलेले दिसतात. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी लुईस आणि क्लार्क या दोन अधिकाऱ्यांना पश्चिमेकडच्या अज्ञात मुलखाचा शोध घेण्यासाठी पाठवले होते. १८०४ ते १८०६ या काळात त्यांनी हा खडतर प्रवास केला. त्यांनी पाठवलेल्या वस्तू जेफरसन यांनी येथे मांडल्या होत्या. मूळ वस्तूंपैकी बऱ्याच नंतर हरवल्या. त्यांच्या जागी कारागिरांकडून करवून घेतलेल्या तशाच वस्तू आता ठेवल्या आहेत.

पुढच्या बैठकीच्या खोलीला काचेची दोन दारे आहेत. त्यांपैकी एक दार ढकलले की दुसरे आपोआप उघडते. जमिनीखाली साखळी बसवून ही युक्ती केलेली आहे. पाहणारी मुले हे दार पाहून हरखून जातात.

जेफरसन यांची झोपण्याची आणि लिहिण्याची खोली शेजारी शेजारी आहेत. या दोन खोल्यांच्या मधल्या कोनाड्यात त्यांचा पलंग बसवलेला आहे. पलंगाच्या एका बाजूने उतरले की कपडे बदलण्याची जागा आणि दुसऱ्या बाजूने उतरले की लिहिण्याचे मेज! मेजावर एक चमत्कारिक यंत्र आहे. त्याला दोन लेखण्या जोडलेल्या आहेत. एका लेखणीने पत्र लिहिताना दुसरी लेखणी त्याची हुबेहूब नक्कल शेजारच्या कागदावर उतरवते. हे यंत्र जेफरसन यांनी शोधून काढलेले नव्हते, पण ते त्यांचे फार आवडते होते. त्यांनी आयुष्यात सुमारे एकोणीस हजार पत्रे लिहिली. त्यांच्या आयुष्याची एवढी बारीक माहिती आज मिळते, ती बरीचशी या नकलांमुळेच.

आता आपण त्यांच्या ग्रंथालयात आलो आहोत. जेफरसन यांना वाचनाचे वेड होते. १८१४ साली इंग्रज सैन्याने वॉशिंग्टन शहरात आग लावली, तेव्हा तेथील संसदेचे ग्रंथालय जळून गेले. जेफरसन यांनी आपली सहा हजारांहून अधिक पुस्तके १८१५ साली संसदेला विकली. त्या पुस्तकांतून पुन्हा उभे राहिलेले ते ग्रंथालय आज जगातील सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एक आहे.

या पुस्तकांत कुराणाच्या इंग्रजी अनुवादाची एक प्रतही होती. जॉर्ज सेल यांनी केलेला हा अनुवाद जेफरसन यांनी १७६५ साली, कायद्याचा अभ्यास करत असताना विकत घेतला होता. ती प्रत अजून सुरक्षित आहे. जानेवारी २००७ मध्ये कीथ एलिसन या पहिल्या मुसलमान संसद सदस्याने शपथविधीच्या वेळी हीच प्रत हाती घेतली होती. जेफरसन यांनी व्हर्जिनियासाठी धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिला. तो १७८६ साली मंजूर झाला. या कायद्याचे संरक्षण ख्रिस्ती लोकांबरोबर ज्यू, मुसलमान, हिंदू आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांनाही आहे, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत स्पष्ट केले. १८०५ साली ट्यूनिसचा वकील रमजानच्या महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या घरी जेवायला येणार होता. मेजवानीची वेळ दुपारी साडेतीनची होती. जेफरसन यांनी ती बदलून सूर्यास्ताची केली.

आता भोजनगृहात जाऊ. येथील भिंती झळझळीत पिवळ्या रंगाच्या आहेत. शेकोटीच्या दोन्ही बाजूंना एक-एक छोटी झडप आहे. झडप उघडली की आत एक छोटा पाळणा दिसतो. हा पाळणा थेट तळघरात जातो. खालच्या माणसाने त्यात बाटली ठेवली आणि वरच्या माणसाने दोरी ओढली की बाटली वर येते. एका दाराच्या मागल्या बाजूला फळ्या ठोकलेल्या आहेत आणि ते दार मधोमध फिरते. स्वयंपाकघरातून आलेले पदार्थ या फळ्यांवर ठेवून दार फिरवले, की ते जेवणाच्या खोलीत येत.

येथे क्षणभर थांबून विचार करू. ही युक्ती कशासाठी होती? पाहुण्यांना गरम पदार्थ मिळत, पण ते रांधणारे आणि वाहून आणणारे लोक त्यांना फारसे दिसत नसत. ते लोक कोण होते? ते जेफरसन यांचे गुलाम होते.

हो, हे घर ज्या माणसाने सर्वांच्या समतेचा जाहीरनामा लिहिला त्याचे होते. आणि त्याच माणसाने आपल्या आयुष्यात सहाशेहून अधिक स्त्री-पुरुष आणि मुले गुलाम म्हणून बाळगली होती. काही त्याला वडिलांकडून व सासऱ्यांकडून वारशाने मिळाली होती. बरीच या जमिनीवरच जन्मली होती. टेकडीचा माथा सपाट करण्यापासून विटा भाजण्यापर्यंत आणि शेत नांगरण्यापासून पाहुण्यांचे अंथरूण घालण्यापर्यंत सारी कामे ही माणसे करत. तिचा मोबदला त्यांना मिळत नसे.

घराखालच्या लांब बोळातून चालत गेले की स्वयंपाकघर लागते. ईडिथ फॉसेट या येथील मुख्य स्वयंपाकीण होत्या. १८०२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या घरी फ्रेंच स्वयंपाक शिकण्यासाठी वॉशिंग्टनला नेण्यात आले. त्यांच्या आधी जेम्स हेमिंग्ज हे येथे स्वयंपाक करत. जेफरसन यांनी त्यांना पॅरिसला नेऊन ही कला शिकवली होती. आपल्या भावाला सारा स्वयंपाक शिकवल्यावर १७९६ साली जेम्स यांना स्वातंत्र्य मिळाले.

जवळच एक लहान खोली आहे. जेम्स यांची बहीण सॅली हेमिंग्ज यांची कहाणी तेथे सांगितली जाते. जेफरसन यांच्या पत्नी १७८२ साली वारल्या. पुढे सॅली यांना झालेल्या मुलांचे वडील जेफरसन हेच होते, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. १९९८ साली झालेल्या रक्ताच्या जनुकीय तपासणीनेही या मताला बळ दिले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे गुलाम आईचे मूल गुलामच ठरत असे, मग त्याचा बाप कोणीही असो. सॅली यांचे एकही चित्र उपलब्ध नाही. म्हणून २०१८ साली ही खोली पाहुण्यांसाठी उघडली तेव्हा भिंतीवर केवळ एका स्त्रीची सावली दाखवण्यात आली.

घराच्या एका बाजूला 'मलबेरी रो' म्हणजे तुतीच्या झाडांची रांग आहे. हा रस्ता सुमारे तेराशे फूट लांब आहे. एके काळी त्याच्या कडेने वीसहून अधिक झोपड्या, कारखाने आणि कोठारे होती. येथे सुतार, लोहार, विणकर काम करत. जॉन हेमिंग्ज हे अत्यंत कुशल सुतार होते. घरातील सुबक लाकूडकाम पाहून पाहुणे जेफरसन यांच्या कल्पकतेची वाहवा करतात. त्या कल्पना लाकडात उतरवल्या त्या जॉन यांच्यासारख्या कारागिरांनी.

याच रस्त्यावर १७९४ साली खिळे तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. त्यात दहा ते सोळा वर्षांची मुले काम करत. तापलेल्या लोखंडाची सळई घ्यायची, ऐरणीवर ठोकायची, खिळा तोडायचा आणि पुन्हा सळई भट्टीत घालायची. दिवसभर हेच काम. कोणत्या मुलाने किती खिळे केले आणि किती लोखंड वाया घालवले, याचा हिशेब मालक स्वतः वहीत लिहीत असे. तुमच्याच वयाची ही मुले होती. तुमच्या हातात लेखणी आहे, त्यांच्या हातात हातोडा होता.

या रस्त्यावरची एक झोपडी २०१५ साली पुन्हा उभारण्यात आली. ती सुमारे वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद आहे. एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. मागे वळून पाहिले तर तेहेतीस खोल्यांचे मोठे घर दिसते. दोन्ही इमारतींमध्ये अंतर थोडेच आहे.

रस्त्याच्या खालच्या अंगाला हजार फूट लांबीची भाजीची बाग आहे. डोंगराचा उतार कापून आणि दगडी भिंत घालून ही सपाट जागा तयार केलेली आहे. जेफरसन यांनी येथे तीनशेहून अधिक जातींच्या भाज्या लावून पाहिल्या. कोणते बी कधी पेरले, कधी उगवले आणि फळ पानात कधी आले, हे ते वहीत टिपून ठेवत. वाटाणे त्यांना विशेष आवडत. आजही माळी त्या नोंदी पाहून तशीच बाग फुलवतात.

गुलामगिरी वाईट आहे हे जेफरसन यांना कळत नव्हते काय? कळत होते. ही प्रथा अन्यायाची आहे असे त्यांनी अनेकदा लिहिले. जाहीरनाम्याच्या पहिल्या मसुद्यात त्यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला होता, पण प्रतिनिधींनी तो भाग वगळला. परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनीच १८०७ साली सही केली. तरीही स्वतःच्या घरातील गुलामांपैकी हयातीत फक्त दोघांना आणि मृत्युपत्राने पाच जणांना त्यांनी मुक्त केले. त्यांचे सुख, त्यांची शेती आणि त्यांची सावकारांकडील पत या गुलामांवरच उभी होती. जे चूक आहे हे समजते ते सोडून देणे नेहमीच सोपे नसते. पण न सोडल्याचे दुःख मात्र दुसऱ्यांनाच भोगावे लागले.

ते दुःख किती मोठे होते, हे फॉसेट कुटुंबाच्या कहाणीवरून समजते. ४ जुलै १८२६ रोजी, म्हणजे जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी, जेफरसन यांनी या घरात अखेरचा श्वास घेतला. त्यांच्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये घरातील सामान, जनावरे आणि सुमारे एकशेतीस माणसे यांचा लिलाव पुकारण्यात आला. ईडिथ यांचे पती जोसेफ फॉसेट हे येथील लोहार होते. मृत्युपत्राप्रमाणे त्यांना वर्षभराने स्वातंत्र्य मिळणार होते. पण ईडिथ आणि मुलांना ते मिळणार नव्हते. जोसेफ यांच्या डोळ्यांदेखत त्यांचे कुटुंब वेगवेगळ्या मालकांना विकले गेले. त्यांचा मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता.

जोसेफ खचले नाहीत. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी भट्टीवर कष्ट करून आणि नातलगांची मदत घेऊन पत्नीला व काही मुलांना पुन्हा विकत घेऊन मुक्त केले. पीटरचा मालक मात्र त्याला सोडायला तयार होईना. मालकाच्या घरी त्याला पुस्तकाला हात लावायची बंदी होती. तो लपूनछपून शिकला आणि त्याने दुसऱ्यांनाही अक्षरे शिकवली. अखेर १८५० साली आप्तांनी आणि मित्रांनी पैसे जमवून त्याची सुटका केली. पुढे पीटर फॉसेट हे ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात नामांकित धर्मोपदेशक झाले. पळून आलेल्या गुलामांना त्यांनी मदत केली. १८९८ साली त्यांच्या आठवणी वर्तमानपत्रात छापून आल्या. १९०० साली, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, ते पुन्हा मॉन्टिसेलोला आले. ज्या टेकडीवर त्यांची विक्री झाली होती, तेथे ते स्वतंत्र नागरिक म्हणून उभे राहिले.

जेफरसन यांच्यामागे हे घर मोडकळीस आले होते. ते वाचवले यूराया लेव्ही यांनी. ते अमेरिकेच्या आरमारातील ज्यू अधिकारी होते. जेफरसन यांनी धर्मस्वातंत्र्यासाठी केलेल्या कार्याबद्दल त्यांच्या मनात फार आदर होता. १८३४ साली त्यांनी हे घर विकत घेऊन त्याची डागडुजी केली. पुढे त्यांच्या पुतण्याने ते सांभाळले. १९२३ साली एका संस्थेने पाच लाख डॉलर देऊन ते घेतले आणि लोकांना पाहण्यासाठी खुले केले.

सुरुवातीला पाहुण्यांना फक्त घड्याळ, पलंग आणि पुस्तके दाखवली जात. गुलामांचा उल्लेख कोणी फारसा करत नसे. हळूहळू यात बदल झाला. संशोधकांनी मलबेरी रो येथील जमीन खणली, तेव्हा फुटकी भांडी, बटणे, नाणी आणि खिळे सापडले. १७९६ साली विमा उतरवताना जेफरसन यांनी इमारतींची यादी केली होती. तिच्यावरून झोपड्यांच्या जागा ठरवता आल्या. गुलामांची नावे, त्यांना दिलेले धान्य आणि कापड यांच्या नोंदी जेफरसन यांच्याच शेतीच्या वहीत मिळाल्या. १९९३ सालापासून त्या कुटुंबांच्या वंशजांना शोधून त्यांच्या घरी चालत आलेल्या आठवणी नोंदवण्याचे काम सुरू झाले. टेकडीच्या उतारावर गुलामांची दफनभूमीही सापडली. तेथे चाळीसहून अधिक कबरी आहेत. त्यांच्यावर कोणाचेही नाव नाही.

तेथून काही अंतरावर जेफरसन यांची कबर आहे. तिच्यावर दगडी स्तंभ आहे. आपल्या स्तंभावर काय लिहायचे हे त्यांनी स्वतःच ठरवून ठेवले होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठ ही तीनच कामे त्यांनी नोंदवायला सांगितली. आपण राष्ट्राध्यक्ष होतो हे त्यांनी लिहिलेच नाही.

मॉन्टिसेलो पाहून परत निघताना मनात प्रश्न उभा राहतो: या माणसाला थोर म्हणावे की नाही? काही लोक फक्त घुमट पाहतात, काही फक्त झोपडी पाहतात. खरा इतिहास पाहायचा असेल तर दोन्ही पाहिले पाहिजे. जेफरसन यांनी लिहिलेला समतेचा विचार त्यांच्या स्वतःच्या वागण्यापेक्षा मोठा ठरला. पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी त्याच विचाराचा आधार घेतला. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. तेव्हा पीटर फॉसेट पन्नास वर्षांचे होते.

शब्दार्थ

वसाहत – परक्या देशाच्या ताब्यातील मुलूख
जाहीरनामा – लोकांपुढे मांडलेले निवेदन, ऐलान
समता – बराबरी
स्वातंत्र्य – आझादी
घुमट – गुंबद
ओसरी – घराच्या पुढचा छप्पर असलेला भाग
वातकुक्कुट – वाऱ्याची दिशा दाखवणारे साधन
ग्रंथालय – कुतुबखाना
अनुवाद – तर्जुमा
मोबदला – कामाबद्दल मिळणारा पैसा, मुआवजा
मसुदा – कच्चे लिखाण
पत – विश्वास, साख
मृत्युपत्र – वसीयतनामा
लिलाव – नीलाम
डागडुजी – दुरुस्ती, मरम्मत
वंशज – पुढच्या पिढ्यांतील माणसे, औलाद

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'मॉन्टिसेलो' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) शनिवार पाहण्यासाठी तळघरात का जावे लागते?
(इ) जेफरसन यांनी आपली पुस्तके कोणाला विकली?
(ई) खिळ्यांच्या कारखान्यात किती वर्षांची मुले काम करत?
(उ) जेफरसन यांच्या कबरीवर कोणत्या तीन कामांची नोंद आहे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मॉन्टिसेलोतील कोणतीही एक युक्ती तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) ट्यूनिसच्या वकिलासाठी जेफरसन यांनी मेजवानीची वेळ का बदलली?
(इ) गुलामांच्या जीवनाची माहिती संशोधकांना कोणकोणत्या गोष्टींतून मिळाली?

३. सात-आठ वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) फॉसेट कुटुंबाची कहाणी सांगा.
(आ) 'खरा इतिहास पाहायचा असेल तर दोन्ही पाहिले पाहिजे,' असे लेखक का म्हणतो? तुम्हांला ते पटते का? कारणे द्या.

४. जोड्या लावा.
'अ' गट: (१) जॉन हेमिंग्ज (२) ईडिथ फॉसेट (३) जोसेफ फॉसेट (४) यूराया लेव्ही
'ब' गट: (क) लोहार (ख) आरमारातील अधिकारी (ग) सुतार (घ) स्वयंपाकीण

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
मन रमणे, हरखून जाणे, वाहवा करणे, मोडकळीस येणे, अखेरचा श्वास घेणे.

६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
समान, स्वातंत्र्य, सोपे, सुख, अज्ञात.

७. मालक, गुलाम, कायदा, इमारत, नकाशा, कर्ज, कबर, हिशेब हे पाठातील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे मराठीतील लिंग ओळखा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधा.

८. उपक्रम
मुंबईच्या गावदेवी भागातील मणिभवन येथे महात्मा गांधी मुंबईत असताना राहत असत. अशा एखाद्या जपून ठेवलेल्या घराला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथे कोणत्या वस्तू आहेत, त्या कोणी वापरल्या आणि त्या घरात राबणाऱ्या माणसांची काही माहिती मिळते का, याची नोंद वहीत करा.